साडेसोळा मीटर

रंजितानं झेंडा वर केला नाही. झालं ते एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीनं राजूरच्या मैदानावर चार हजार माणसं एकदम उभी राहिली आणि तिच्या आईबापापासून तिच्या चष्म्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार सुरू झाला. रंजिता चष्मा लावतच नाही, पण शिव्या देणाऱ्याला असल्या बारीकसारीक गोष्टींशी काय घेणं!

पहिला हाफ संपायला पाच-सात मिनिटं उरली होती. बल्लारपूरच्या नऊ नंबरनं मागून आलेला लांब पास छातीवर झेलला, दोन पावलं टाकली आणि राजूरच्या गोलकीपरच्या बगलेखालून बॉल जाळ्यात घातला. हे सगळं रंजिताच्या डोळ्यांदेखत घडलं. मैदानातले रेफ्री म्हणजे यवतमाळचे रामलाल सर. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं. तिचा झेंडा खाली. मग त्यांनी शिट्टी फुंकली आणि मधल्या वर्तुळाकडे हात केला. बल्लारपूर एक, राजूर शून्य.

"ऑफसाईड! अबे ऑफसाईड हाये ना बे!"

"लाईनमन झोपली काय?"

ऑफसाईड म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचं अडायला नको. पास सुटतो त्या क्षणी पुढं धावणारा गडी, गोलकीपर सोडून जो शेवटचा बचाववाला असेल त्याच्याही पुढं निघालेला असला, तर तो ऑफसाईड. तो गोलच्या जितका जवळ, तितका गुन्हा मोठा असं काही नाही; बोटभर पुढं असला तरी पुढंच. ते बघायला मैदानाच्या कडेला लाईनमन झेंडा घेऊन पळत असतो. पुढं असला तर झेंडा वर, नसला तर खाली. बाई पळत असली तरी तिला लाईनमनच म्हणतात. रंजितानं ह्या नावाचा राग करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

घाटंजीजवळच्या एका तांड्यातली ही पोरगी. आश्रमशाळेत खेळ शिकवायची. सहा वर्षं तिनं पांढरकवड्यापासून वणीपर्यंत होतील तेवढ्या मैदानांवर झेंडा धरून टाचा झिजवल्या होत्या, परीक्षा दिल्या होत्या, आणि आता कुठं तिचं नाव वर पोचलं होतं. पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांची राज्याची लीग पुढच्या हंगामात सुरू व्हायची होती. त्या लीगसाठी रेफ्री निवडायला नागपूरचे निरीक्षक आज इथं येऊन बसले होते. सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, "मॅडम, फायनलमध्ये एक जरी उघड चूक झाली तर नाव पाठवता येणार नाही." रंजिताला अठ्ठावीस पुरी होत आली होती आणि अठ्ठाविसाव्या वर्षानंतर यादीत नवं नाव घेत नाहीत. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर आश्रमशाळेच्या अंगणात जन्मभर शिट्टी फुंकत बसायचं.

आणि नेमकं आजच ह्या मैदानावर व्हिडिओ आला होता.

ती कल्पना सेवादासभाऊंची. सेवादासभाऊ हे स्पर्धेचे अध्यक्ष, धंद्यानं ठेकेदार, स्वभावानं हौशी. मोबाईलवर परदेशातल्या मॅची बघता बघता त्यांच्या डोक्यात आलं की तिकडं रेफ्री पडदा बघून निकाल फिरवतात, तर आपण काय पाप केलंय? लगेच वणीपासून राजूरपर्यंत फ्लेक्स लागले, "जिल्ह्यात प्रथमच! व्हिडिओ पाहून अचूक निर्णय!" आणि त्यावर सेवादासभाऊंचा हात जोडलेला फोटो, बॉलपेक्षा मोठा. यंत्रणा कुठली? तर वणीच्या रोशनची. रोशन लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्याकडे तीन कॅमेरे, एक ड्रोन आणि हळदीच्या दिवशी नवऱ्याचं तोंड बारा फुटांचं दाखवणारा एलईडीचा पडदा. तो पडदा त्यांनी मैदानाच्या एका अंगाला, सगळ्या गावाला दिसेल असा उभा केला. मोठ्या मॅचमध्ये रेफ्री एकटा कोपऱ्यात जाऊन बघतो, हे रामलाल सरांनी सांगून पाहिलं. सेवादासभाऊ म्हणाले, "लपवाछपवी कायले पाह्यजे? जनतेनं पाह्यलं पाह्यजे!" नियम असा ठरला की प्रत्येक कप्तानाला प्रत्येक हाफमध्ये एकदा अपील करता येईल.

राजूरचा कप्तान ऋतिक तर बोट आभाळाला लावून तयारच होता. खाणीत काम करणाऱ्या बापाचं पोरगं, नागपूरच्या क्लबात खेळून आलेलं, पायात जादू आणि नाकावर राग. त्यानं दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला.

"अपील!"

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. पडद्यावर आधी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग दोन बदाम एकमेकांत अडकले आणि सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' उमटलं. रोशनच्या मशीनला दुसरी सुरुवात माहीतच नव्हती. चार हजार माणसं रागातसुद्धा खदखदून हसली.

"अबे रोशन, नवरी कुठी हाये?"

मग खेळ दिसायला लागला. ड्रोननं वरून घेतलेलं चित्र. राजूरची जमीन कोळशाच्या धुळीनं काळी, त्यावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेषा. खाली गोलरेषा, तिच्या वर गोलपुढच्या मोठ्या चौकोनाची लांब रेष. ह्या चौकोनाला इथं सगळे डी म्हणतात. रोशननं पास सुटायच्या क्षणाला चित्र थांबवलं. डीच्या पलीकडच्या टोकाला राजूरचा शेवटचा बॅक, त्याची टाच बरोब्बर रेषेवर. आणि अलीकडच्या टोकाला, रंजिताच्या बाजूला, बल्लारपूरचा नऊ नंबर. त्याचा बूट रेषेच्या वीतभर आत, गोलच्या बाजूला.

आता ह्याच्यावर कोण काय बोलणार? शाळकरी पोराला विचारलं तरी तो सांगेल. एकाची टाच रेषेवर, दुसऱ्याचा बूट रेषेच्या आत. दुसराच पुढं.

मैदान पेटलं. पाण्याच्या बाटल्या आत येऊन पडायला लागल्या. कुणीतरी रंजिताच्या पायाशी चप्पल भिरकावली आणि मग ती परत मागायला लागला.

रामलाल सर तिच्याकडे आले. भला माणूस, पण रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली आणि जमाव बघितला की पाय मागं घ्यायचा. "रंजिता, काय करायचं? पडद्यावर तर साफ दिसून राह्यलं."

"सर, मी बॅकच्या सरळ रेषेत उभी होती. नऊ नंबर मागं होता."

"अव पण पडदा..."

"पडदा मले बी दिसून राह्यला, सर."

तेवढ्यात सेवादासभाऊ पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारत मैदानात आले. अध्यक्षानं खेळ चालू असताना मैदानात यायचं नसतं, पण ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी रंजिताला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून तांड्याच्या बोलीत बोलायला लागले. छोरी, माणूस आहे, चुकतो. चुकलं म्हण, रामलाल गोल रद्द करेल, लोक शांत होतील. निरीक्षकाशी मी बोलतो. आपल्या समाजाची पोरगी म्हणून तुला ह्या फायनलला घेतलं, आता माझी लाज राख.

रंजिताच्या कानशिलाला आग लागली. फायनलचा झेंडा तिला ह्या माणसानं दिला नव्हता. जिल्ह्याच्या परीक्षेत ती पहिली आली होती, पळायच्या चाचणीत तिनं पोरांना मागं टाकलं होतं, आणि यादीतून तिचं नाव यवतमाळहून लागलं होतं. पण मेहरबानी करायची संधी सोडतील तर ते सेवादासभाऊ कसले!

"भाऊ, तुमी मैदानाबाहेर जा," ती मराठीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

बोलायला बोलली, पण खरं सांगायचं तर तिचीही खात्री डळमळली होती. डोळा चुकत नाही असं थोडंच आहे! नऊ नंबर विजेसारखा निघाला होता. आपण अर्ध्या पावलानं मागं राहिलो असू तर? सहा वर्षांत तिच्या हातून चुका झाल्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक चूक तिला तारखेसह पाठ होती. चूक असेल तर कबूल करायची तिची तयारी होती. निरीक्षक खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहीत होते. तिला वाटलं, गेलं, संपलं आपलं. तिनं परत एकदा पडद्याकडे बघितलं.

ह्या वेळी तिनं माणसं बघितली नाहीत. माणसं चार हजारांनी बघून झाली होती. लाईनमन माणसाआधी गोलरेषा बघतो. नजर तिच्याशी समांतर ठेवून पळायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तिनं खालची गोलरेषा बघितली, मग वरची डीची रेष बघितली, आणि मग दोघींच्या मधली काळी जमीन. अलीकडच्या टोकाला ती पट्टी रुंद होती. पलीकडे जाता जाता ती बारीक होत गेली होती. फार नाही, पण होत गेली होती.

"सर," ती म्हणाली, "ही डीची रेघ तिरपी हाये."

"काय?"

"रेघ तिरपी हाये. बॅक रेघेवर हाये, खरं. पण त्या टोकाले रेघच गोलच्या जवळ गेली हाये."

सेवादासभाऊ अजून गेले नव्हते. त्यांनी हे ऐकलं आणि समालोचकाच्या हातचा माईक ओढून घेतला. "ऐका राजूरकर! मॅडम म्हनते का रेघ वाकडी हाये! नाचता येईना, अंगण वाकडं!"

असा हशा पिकला की बल्लारपूरची पोरंसुद्धा हसली. रंजिता कानापर्यंत लाल झाली. पण तांड्यातल्या बाईला चारचौघांत कुणी हसलं की तिचा आवाज बारीक होत नाही, वाढतो.

"मंग मोजा ना भाऊ अंगण!" ती ओरडली. "गोलरेषेपासून डीची रेघ साडेसोळा मीटर. ह्या टोकाले साडेसोळा, त्या टोकाले बी साडेसोळा. आणा टेप! भरलं साडेसोळा, तं मी झेंडा इथंच ठेवून घरी जातो!"

विदर्भातली बाई रागात आली की 'जाते' म्हणत बसत नाही. हशा थांबला. निरीक्षक पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मोजायला काय हरकत आहे?"

टेप होता मारोतीकडे. मारोती म्हणजे मैदान राखणारा म्हातारा. रोज सकाळी पाणी मारायचा, गोटे वेचायचा, आणि स्पर्धा आली की फक्की मारायचा. त्याची रेष म्हणजे राजूरची शान. फक्की अशी दाट आणि अशी कोरीव पडायची की खेळाडूसुद्धा ओलांडताना पाय उचलून टाकायचे. त्यानं टेप छातीशी धरला आणि सोडेचना.

"बावीस वर्सं झाले फक्की मारून राह्यलो. आजलोक कोनं बोट दाखवलं नाही. ही कालची पोरगी माही रेघ मोजीन?"

रंजिता त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं आवाज खाली घेतला. "काकाजी, तुमची चूक काढाले नाही आली मी. तुमी डीची रेघ कशी आखता, तेवढं सांगा."

आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की मारोतीला राग धरून ठेवणं जड जायचं. "ह्या बाजूनं टेप लावतो. साडेसोळावर खुटी ठोकतो. मंग तिथून त्या टोकालोक दोरी सोडतो, गोलामागच्या भिंतीले धरून. सरळ जाते."

"भिंतीले धरून?"

"मंग? वावरात पयला काकर कशाले धरून काढतेत? धुऱ्याले धरूनच ना! धुरा सरळ तं वावर सरळ."

रंजिताला हसावं की रडावं कळेना. तिच्या बापाचा प्रत्येक काकर तसाच निघायचा. शेताची हद्द म्हणजे धुरा, आणि पेरणीची पहिली ओळ त्या धुऱ्याला धरून. मग बाकीचं सगळं वावर त्या ओळीच्या मागं. कोरडवाहू कापसाला ह्याहून चांगली पद्धत नाही. पण गोलमागची ती भिंत ज्या गवंड्यानं बांधली त्यानं मागच्या तिरप्या नाल्याचा काठ बघितला होता, फुटबॉल नव्हे. गोलचे खांब सिमेंटात गाडलेले, म्हणून गोलरेषा सरळ राहिली. डीची रेष मात्र बावीस वर्षं भिंतीच्या मागं मागं चालली होती, आणि बावीस वर्षांत तिच्याकडे वरून कुणी बघितलंच नव्हतं. रोशनच्या ड्रोननं बघितलं, पण ड्रोनला कुठं माहीत की आपण काय दाखवतोय?

"टेपाचं टोक मी धरतो," ऋतिक म्हणाला. त्याचा कुणावरच विश्वास नव्हता.

आधी अलीकडचं टोक मोजलं. मारोती गोलरेषेवर गुडघा टेकून बसला, ऋतिक टेप ओढत डीच्या रेषेपर्यंत गेला, वाकला, आणि उभा राहून ओरडला, "साडेसोळा! पुरे साडेसोळा!" मैदानानं टाळ्या वाजवल्या. सेवादासभाऊंनी माईकवर "अजून टाळ्या होऊ द्या!" म्हटलं. मारोतीनं रंजिताकडे असं बघितलं की तिला त्याचीच कीव आली.

मग चाळीस मीटर चालत सगळे पलीकडच्या टोकाला गेले. रोशननं ड्रोन त्यांच्या डोक्यावर आणला, आणि बारा फुटी पडद्यावर मारोतीची काळी बोटं आणि पिवळा टेप दिसायला लागला. ऋतिक टेप ओढत गेला, रेषेवर वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"किती?" रामलाल सरांनी विचारलं.

ऋतिकनं टेप जरा ताणला. परत वाचलं. एकदा रंजिताकडे बघितलं.

"जोरात सांग," रंजिता म्हणाली.

खोटं बोलायचं तर तो क्षण होता. पण वर पडद्यावर आकडा बारा फुटांचा झाला होता, आणि त्याहीपेक्षा, ऋतिक रागीट असला तरी लबाड नव्हता.

"पंधरा मीटर सत्तर!" तो ओरडला.

ऐंशी सेंटिमीटर कमी! बॅक रेषेवर होता खरा, पण ती रेषच तिथं ऐंशी सेंटिमीटर गोलकडे सरकलेली होती. आणि नऊ नंबर आत होता तो वीतभर. म्हणजे बॅकच्या हातभर मागं. रंजितानं पाहिलं होतं अगदी तसं. लोकांनी बोटांवर हिशेब केला, एकमेकांना समजावला, दोन ठिकाणी त्यावरून भांडणंही झाली. मग बाकड्यांच्या सगळ्यात वरच्या ओळीतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "अबे सेवादास, अंगणच वाकडं हाये ना बे!"

आता हशा पिकला तो पहिल्या हशाच्या दुप्पट होता, आणि तो सगळाच्या सगळा सेवादासभाऊंच्या वाट्याला आला. त्यांनी माईक समालोचकाला परत केला आणि चहा प्यायला गेले. रामलाल सरांनी मधल्या वर्तुळाकडे हात केला आणि अशी खणखणीत शिट्टी मारली की वीस वर्षांपूर्वीचे रामलाल सर परत आल्यासारखं वाटलं. गोल कायम!

मारोती तिथंच खाली मान घालून उभा होता. मग तो समालोचकाकडे चालत गेला आणि माईकमध्ये तोंड घालून म्हणाला, "बाई बरोबर हाये. रेघ माह्यावाली वाकडी." बस्स, एवढंच. बावीस वर्षांचा दिमाख सोडायला त्याला सहा शब्द लागले. गावानं त्याच्यासाठी गोलपेक्षा मोठ्या टाळ्या वाजवल्या. हाफ टाईमला त्यानं जुनी रेष पाण्यानं धुऊन काढली आणि दोन्ही टोकांना टेप लावून नवी मारली. सल्ला द्यायला निम्मं गाव आत आलं होतं.

रंजिता पाणी पीत असताना निरीक्षक जवळून गेले. "अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत," एवढंच म्हणाले. तिच्या छातीत आनंदाचं कारंजं उडत होतं, पण लाईनमननं मैदानात हसायचं नसतं, म्हणून तिनं तोंड बाटलीत लपवलं.

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या आणि राजूरचा हल्ला रंजिताच्या टोकाकडे यायला लागला. राजूरनं जीव तोडून खेळ केला. तिनं दोनदा झेंडा वर केला, आणि दोन्ही वेळा तिच्या मागची बाकडी कुरकुरली, पण चप्पल आली नाही. सत्तर मिनिटं झाली, ऐंशी झाली. बल्लारपूर एक, राजूर शून्यच. ह्या हाफमधली अपील ऋतिकनं अजून वापरली नव्हती.

भरपाई वेळेचं शेवटचं मिनिट. मधून एक पास सुटला, दोन बॅकच्या मधून सरपटत, आणि ऋतिक वाऱ्यासारखा निघाला. गोलकीपर पुढं आला. ऋतिकनं त्याला एका झुकांडीत बसवलं आणि बॉल रिकाम्या जाळ्यात ढकलला.

राजूर वेडं झालं. डफडी कडाडली, डीजे फुटला, माणसं कुंपणावर चढली, म्हातारी माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली.

आणि रंजितानं पाहिलं होतं. पास सुटला तेव्हा ऋतिकचा डावा पाय पुढं होता. फार नाही, पाऊलभर. ह्या गावानं तासाभरापूर्वी तिच्यावर चप्पल फेकली होती आणि मग तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. आत्ता झेंडा खाली ठेवला असता तर त्यांनी तिला खांद्यावर घेऊन वणीपर्यंत मिरवलं असतं. तिच्या मनात हे आलं, नाही असं नाही. आणि वर केला आणि चुकीचा निघाला, तर यादीतलं नाव गेलंच. पण ऋतिक पुढं होता. तिनं झेंडा वर केला, हात पूर्ण ताणून.

आधी डफडी थांबली, मग डीजे. रामलाल सरांनी एकदाच तिच्याकडे बघितलं आणि शिट्टी वाजवली. ऑफसाईड. गोल नाही.

"अपील!" सेवादासभाऊ चहा टाकून माईककडे धावले. "ऋतिक, अपील कर! एक अपील बाकी हाये आपली! रोशन, लाव रे!"

पडदा उजळला. ऋतिक धापा टाकत रंजिताकडे चालत आला. त्याच्या घामात कोळशाची धूळ मिसळली होती. पडदा बरोबर त्याच्या पाठीमागं होता. मान वळवली की दिसला असता.

"मॅडम, किती होतं?"

"पाऊलभर. तुझा डावा पाय."

ऋतिकनं आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. हात उचलले. चौकोन काढायला नव्हे, तोंडावरचा घाम पुसायला.

"मंग होतंच," तो म्हणाला.

तो वळला, जाळ्यातून बॉल काढून आणला, आणि ऑफसाईड झाला होता त्या जागी स्वतःच्या हातानं ठेवला, बल्लारपूरला फ्री किक मारायला. सेवादासभाऊ माईकवर अजून 'अपील, अपील' करत होते.

"अबे बंद कर तो पडदा!" वरच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं. "मॅडमनं पाह्यलं ना!"

"बंद कर बे, रोशन!" सगळी बाकडी ओरडली.

रोशननं पडदा विझवला. निरीक्षकांनी शेवटच्या शिट्टीचीही वाट बघितली नाही; वहीत रंजिताचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मग फ्री किक झाली, शिट्टी वाजली, राजूर फायनल हरलं. आणि हरलेलं अख्खं गाव उभं राहून एका लाईनमनसाठी टाळ्या वाजवायला लागलं. सहा वर्षांत मैदानावर एकदाही न रडलेली रंजिता चार हजार माणसांसमोर हसत हसत रडली.